घरच्या संगणकासाठी फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

सॉफ्टवेअरची नावे चाळण्यापूर्वी आपल्याकडचे फोटो पाहावेत. मोबाइलवर काढलेले सहलींचे आणि वाढदिवसांचे फोटो कातरणे, सरळ करणे आणि थोडे उजळणे एवढेच काम असेल, तर विंडोज किंवा मॅकसोबत येणारे ‘फोटोज’ पुरेसे आहे आणि शोध तिथेच थांबवावा. मुंबईच्या दमट हवेत डागाळलेले जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचे असतील, तर लेयरची (एकावर एक ठेवलेल्या थरांवर वेगवेगळे काम करण्याची) सोय असलेले गिम्प किंवा फोटोशॉप लागेल. कॅमेऱ्यातून रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती, घेत असाल, तर डार्कटेबल किंवा लाइटरूम पाहावे. जेपीईजी या फोटोंच्या नेहमीच्या फाइल प्रकारात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला भाग उजळताना रॉमध्ये तपशील अधिक टिकतो.

मग संगणकाची रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी) तपासावी. विंडोजमध्ये ती सेटिंग्ज, सिस्टिम आणि अबाउट या क्रमाने गेल्यावर दिसते. फोटोशॉपला किमान ८ जीबी लागते, १६ जीबी असल्यास काम सुरळीत चालते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे आपल्याच अवघड फोटोंवर चाचणी घेणे. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर काढलेला, आकाश पांढरे आणि छत्रीखालचे चेहरे काळे पडलेला फोटो घ्यावा, सावल्या उजळाव्यात आणि इमारतींच्या कडांभोवती पांढरी किनार उमटते का ते फोटो मोठा करून पाहावे. दुसरा फोटो घरच्या गणपतीचा, मखरातल्या पिवळ्या दिव्यांत काढलेला असावा. व्हाइट बॅलन्सच्या (दिव्यांमुळे आलेली रंगछटा काढण्याच्या) ड्रॉपरने हारातल्या मोगऱ्यावर क्लिक केल्यावर फुले पांढरी दिसली पाहिजेत, पण पीतांबराचा पिवळा रंगही फिका पडता कामा नये.

फोटोवर मजकूर टाकायचा असेल, तर ‘हार्दिक शुभेच्छा’ टाइप करून पाहावे. ‘हार्दिक’मधली वेलांटी आणि रफार जागच्या जागी बसत नसतील आणि सेटिंग्ज बदलूनही सुधारणा होत नसेल, तर ते सॉफ्टवेअर मराठी घराच्या उपयोगाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ फोटो सुरक्षित राहतो का, हेही पाहावे. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही, केलेले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये नोंदवते. गिम्पमध्येही २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून लावलेले फिल्टर नंतर बदलता येतात.

पैशांचा विचार शेवटी करावा. गिम्प आणि डार्कटेबल मोफत व मुक्तस्रोत आहेत. फोटोशॉप आणि लाइटरूमसाठी वर्गणी भरत राहावी लागते. क्रॅक केलेली (परवान्याचे कुलूप तोडलेली) प्रत कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, कारण तिच्याबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि कुटुंबाचे सगळे फोटो त्याच संगणकात असतात. मोफत सॉफ्टवेअर महिनाभर वापरावे आणि एखादे नेहमीचे काम त्यात खरोखरच अडत असेल, तरच वर्गणी भरावी.