कुत्र्याला चघळायला काय द्यायचं आणि काय अजिबात नाही

कुत्र्यासाठी च्यू, म्हणजे चघळायची वस्तू, घेताना बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, हे टिकेल किती दिवस? गडबड इथेच होते, कारण जी वस्तू महिनोन्महिने टिकते ती कडक असते म्हणूनच टिकते, आणि कडक वस्तू आणि दात यांची झटापट झाली की हरतो तो दात. त्यामुळे टिकाऊ म्हणजे चांगलं हे गणित आधी डोक्यातून काढा. चांगला च्यू एकतर हळूहळू संपतो, नाहीतर रबराचा असेल तर दाताखाली दबतो. जो संपतही नाही आणि दबतही नाही तो घेऊ नका.

चघळणं ही त्यांची गरजच आहे, लाड नव्हेत. पिल्लांना २८ दुधाचे दात असतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात, त्या काळात हिरड्या इतक्या शिवशिवतात की चप्पल, सोफा, वायर काहीच सुटत नाही. मोठं कुत्रंही चघळताना शांत होतं, त्याचा वेळ जातो आणि दातांवरचा चिकट थर थोडाफार घासून निघतो. तो थर म्हणजे प्लाक. साफ झाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, त्याला टार्टर म्हणतात, आणि टार्टर एकदा धरला की तो घरी ब्रशने निघत नाही. म्हणजे च्यूचा फायदा खरा आहे पण तो ब्रशची जागा घेत नाही, दोन्ही करा.

आता कडकपणा कसा बघायचा. अंगठ्याचं नख च्यूवर जोरात दाबा, खूण उमटली तर ठीक, नख घसरलं तर परत ठेवून द्या. दुसरी पद्धत म्हणजे तो च्यू स्वतःच्या गुडघ्यावर आपटून घ्यायची कल्पना करा, नुसत्या विचाराने गुडघा मागे घ्यावासा वाटला तर तो दातांसाठीही नकोच. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, या दोन्ही टेस्ट सांगतात आणि मला त्या पॅकेटवरच्या कुठल्याही दाव्यापेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात.

हे एवढं का सांगतेय, तर कुत्री कडक वस्तू चावताना बहुतेक वेळा वरच्या जबड्यातली मोठी दाढ वापरतात आणि त्या दाढेची बाहेरच्या बाजूची अख्खी ढलपी उडते. आतली नस उघडी पडते, इन्फेक्शन मुळापर्यंत जातं आणि कधी कधी थेट डोळ्याखाली सूज दिसते. वाईट हे की दात तुटलेलं कुत्रं जेवण सोडत नाही, ते मुकाट दुसऱ्या बाजूने खातं, त्यामुळे घरच्यांना खूप उशिरा कळतं. मग भूल देऊन रूट कॅनल करा नाहीतर दाढ काढा, तिसरा चांगला मार्ग नसतो. म्हणून शिंगं, खूर, मोठ्या जनावरांची नळीची हाडं, कडक नायलॉनची हाडं, बर्फाचे मोठे खडे हे सगळं माझ्या मते बाद. याक चीजचे च्यू खूप लोकप्रिय आहेत, घटक चांगले असतात हे खरं, पण बरेचसे दगडासारखे कडक निघतात, त्यामुळे नाव बघून नका घेऊ, प्रत्येक वेळी नख लावून बघा.

शिजवलेलं हाड कुठल्याही प्राण्याचं असो, देऊच नका. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार फाका होतात आणि त्या घशापासून आतड्यापर्यंत कुठेही टोचू शकतात, अडकू शकतात. भाजलेलं, उकडलेलं, दुकानातलं स्मोक केलेलं हाडही त्यातच आलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये पॅकेटमधल्या अशा हाडांच्या ट्रीटबद्दल लोकांना सावध केलं होतं. कच्च्या हाडांच्या बाजूने बोलणारे खूप आहेत, ती कमी फुटतात हे मान्य, पण दात त्यानेही तुटतो आणि कच्च्या मांसातले बॅक्टेरिया घरभर फिरतात ते वेगळंच, त्यामुळे मी तरी सुचवणार नाही.

पुढचा प्रश्न, तुमचं कुत्रं खातं कसं? हे कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं, तुम्हालाच बघावं लागतं. काही कुत्री पंजात धरून अर्धा तास नुसती चाटत, कुरतडत बसतात, त्यांना बऱ्याच गोष्टी चालतात. काही जोर लावून तुकडे पाडतात. आणि काही थेट गिळतात, चावण्याशी त्यांचा संबंधच नसतो, अशा गिळकुट्यांसाठी खाण्याचे छोटे च्यू म्हणजे धोकाच, त्यांना भरलेलं रबरी खेळणं सगळ्यात बरं. साइजचा नियम सोपा आहे, च्यू कुत्र्याच्या तोंडापेक्षा लांब हवा, पूर्ण तोंडात मावला की तो मोठा घास होतो. शंका असली तर एक साइज मोठा घ्या. घरात दोन वेगवेगळ्या आकाराची कुत्री असतील तर लहानाचा च्यू मोठ्याच्या तोंडात जाणार हे धरूनच चाला.

आता एकेक प्रकार बघू. रॉहाइड म्हणजे जनावराच्या कातड्याचा आतला थर, केमिकल लावून केस काढलेला, बऱ्याचदा ब्लीच केलेला, मग गुंडाळून नाहीतर गाठ मारून वाळवलेला. चावून तो लिबलिबीत होतो, मोठा तुकडा सुटतो, कुत्रं गिळतं आणि तो पोटात जाऊन फुगतो, लवकर पचत नाही. घशात किंवा आतड्यात अडकला तर ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. गाठीवाले तर अजिबात नकोत, गाठ सुटून अख्खी घशात जाते.

बुली स्टिक म्हणजे बैलाचं वाळवलेलं लिंग. ती पूर्ण पचते, कुत्र्यांना जाम आवडते, पण २०१३ मधल्या एका अभ्यासात २६ स्टिक तपासल्या तेव्हा एका इंचात ९ ते २२ कॅलरी निघाल्या, म्हणजे छोट्या कुत्र्याला एक सहा इंची स्टिक दिली की त्याच्या दिवसाच्या जेवणाचा मोठा हिस्सा तिथेच संपला. काही स्टिकवर बॅक्टेरियाही सापडले होते. द्यायची तर कधीतरी, आणि शेवटचं टोक घट्ट धरून ठेवणारा होल्डर मिळतो तो लावून. डुकराचे कान खूप चरबीचे असतात, स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला बिलकुल नाही. शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांमुळे साल्मोनेलाची मोठी साथ आली होती आणि त्यात कुत्र्यांना हे कान देणारी माणसं आजारी पडली होती. कुठलाही प्राणिजन्य च्यू हाताळला की साबणाने हात धुवा, घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी असेल तर जास्तच सांभाळा.

डेंटल च्यू, म्हणजे दात साफ व्हावेत म्हणून बनवलेले च्यू, घेताना व्हीओएचसीचा शिक्का शोधा. ही पशुदंतवैद्यकातली संस्था आहे, कंपनीने दिलेल्या चाचण्यांचे निकाल तपासते आणि प्लाक किंवा टार्टर खरंच कमी होतो असं दिसलं तरच शिक्का देते. नुसतं पॅकेटवर चमकणारा दात छापलेला असतो त्याला काही अर्थ नाही. बाकी च्यू वजनानुसारच द्या, छोट्या कुत्र्याचा च्यू मोठ्याला दिला तर तो एका घासात गडप.

माझी पहिली पसंती मात्र रबराच्या पोकळ खेळण्याला, काँग या ब्रँडचं मिळतं तसं. त्यात भिजवलेलं डॉग फूड, शिजवलेलं चिकन, मॅश केलेला भोपळा असं काही भरून फ्रीझ करा, चाटण्यात बराच वेळ जातो, दातांना त्रास नाही, कॅलरी तुमच्या हातात. खेळण्याला दोन बाजूंनी भोकं आहेत ना एवढं बघा. एकच भोक असेल तर आत हवेचा दाब कमी होऊन जीभ अडकू शकते, आणि हे गंभीर असतं, जीभ सुजून कापावी लागण्यापर्यंत जातं. रबराचा तुकडा निघायला लागला की खेळणं टाकून द्या. पीनट बटर भरणार असाल तर लेबलवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ, आहे का वाचा, काही ठिकाणी बर्च शुगर असंही लिहिलेलं असतं. ते पोटात गेल्यावर कुत्र्याच्या रक्तातली साखर बघता बघता कोसळते आणि यकृतही जाऊ शकतं. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट हेही कधीच नाही.

गाजर चालतं, पण गिळकुट्याला गोल चकत्या देऊ नका, लांब उभे काप करा. टेनिस बॉल खेळायला ठीक, चघळायला नाही, त्याच्यावरची लव दात झिजवते. दोरीच्या खेळण्याचे धागे गिळले तर आतडं चुणून गोळा होतं, आणि रस्त्यात उचललेल्या काटक्या टाळूत किंवा घशात घुसतात.

पिल्लांचे दुधाचे दात नाजूक असतात, त्यांना पिल्लांसाठीचं मऊ रबर द्या, नाहीतर स्वच्छ कपडा ओला करून पिळून फ्रीझरमध्ये ठेवा, हिरड्यांना फार बरं वाटतं, फक्त तुम्ही समोर बसा म्हणजे कपडा फाडून खाणार नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात आधी व्हेटला दाखवा, हलता दात असेल तर च्यू म्हणजे यातना. अ‍ॅलर्जी, किडनी, स्वादुपिंड यातलं काही असेल तर घटकांची यादी फोनवर पाठवून विचारूनच घ्या. आणि च्यू, ट्रीट सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, जास्त झालं तर जेवणातून तेवढं कमी करा.

देताना घरी कोणीतरी हवंच. सगळ्यात धोक्याचा तुकडा शेवटचा, कारण तो तोंडात मावतो आणि कोणी मागेल या भीतीने कुत्रं तो पटकन गिळतं. म्हणून ओढून घेऊ नका, हातात काहीतरी जास्त चविष्ट धरा, त्याने च्यू सोडला की बक्षीस द्या आणि तुकडा उचला. ही अदलाबदल च्यू मोठा असतानाच रोज खेळासारखी शिकवली तर गुरगुरणं सहसा उद्भवत नाही. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत.

घशात अडकलं तर कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, श्वासासाठी धडपडतं, हिरड्या निळसर पडतात. तोंड उघडून वस्तू दिसत असेल आणि सहज धरता येत असेल तरच काढा, आंधळेपणाने बोटं घातली तर ती आणखी आत जाते, लगेच निघा आणि वाटेत दवाखान्यात फोन करा. आतड्यात अडकलं असेल तर वारंवार उलट्या, जेवायला नको, पोट दुखणं, शी करताना कुंथणं, मलूल पडून राहणं असं दिसतं, कधी कधी एक-दोन दिवसांनी. घरच्या घरी उलटी करवू नका, टोकदार तुकडा येतानाही फाडत येतो, आणि मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. एक्सरेमध्ये कातडं किंवा रबर नीट दिसेलच असं नाही, त्यामुळे उरलेला तुकडा आणि पॅकेट सोबत घेऊन जा आणि किती वाजता गिळलं ते डॉक्टरांना सांगा.