लाखाचा लॅपटॉप घेण्याआधी जुना तपासा
जुना लॅपटॉप नेमका कुठे अडतोय, ते आधी बघा. रोजचं काम चालू ठेवून विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा; टास्क मॅनेजर उघडेल, त्यात मेमरी, डिस्क, प्रोसेसर किती वापरात आहेत ते दिसतं. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी. ८ जीबीची १६ केली की बहुतेकांचं भागतं. डिस्क १०० टक्क्यांवर अडकतेय आणि आत फिरती हार्ड डिस्क आहे? मग एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, फरक चालू करतानाच कळेल. व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामात प्रोसेसरच दमत असेल, तर मात्र महागड्या मशीनचे पैसे वसूल होतात. एरवी ते जातात धातूची बॉडी, स्क्रीन आणि बॅटरीत (रोज लोकलमध्ये पाठीवर वाहायचा असेल तर तेही गैर नाही). मॅकबुक एअरची रॅम प्रोसेसरच्या चिपसोबतच कायमची बसवलेली असते, नंतर वाढत नाही. घेतानाच किमान १६ जीबी घ्या.