दिवाळीच्या गर्दीत पिठाची गिरणी कशी सांभाळावी

दिवाळीआधीच्या आठ-दहा दिवसांत डब्यांची रांग फुटपाथवर आली की मालकाला वाटतं, दुसरी चक्की घ्यावी. त्याआधी घड्याळ लावून बघा.

समजा, 5 किलोचा डबा दळायला 3 मिनिटं लागतात. वजन करणं, पीठ झाडून घेणं, चोपडीत लिहिणं, सुटे पैसे शोधणं यात आणखी 2 जातात. म्हणजे तासाला 20 नाही, 12च डबे. वजन, नाव आणि पैसे आधीच उरकायला एक माणूस ठेवला आणि मधला वेळ 1 मिनिटावर आणला, की त्याच मोटारीवर 15 होतात. घाईघाईने धान्य जास्त सोडून मात्र काही साधत नाही. दगड तापतात, पीठ करपट लागतं.

दुसरी गळती दळण बदलण्यात असते. गहू, भाजणी, पुन्हा गहू असं केलं तर दर वेळी दगड साफ करा, नाहीतर पोळीला धने-जिऱ्याचा वास. म्हणून वेळा ठरवून पाटीवर लिहा: सकाळी साफ दगडावर उपासाचं, मग तांदूळ, गहू, चारनंतर फक्त भाजणी. अनारशाचे ओलसर तांदूळ सगळ्यात शेवटी, कारण ते दगडाला चिकटतात. त्यानंतर घरचे किलोभर कोरडे तांदूळ फिरवून घ्या.

भाजणी गरम आणली असेल तर सरळ परत पाठवा, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

गर्दी सहा ते नऊची, दुपारी गिरणी ओस. "डबा दुपारी ठेवा, संध्याकाळी न्या" म्हणून टोकन द्या, म्हणजे संध्याकाळचं काम दुपारीच सुरू होतं. संध्याकाळी सातला 30 डबे शिल्लक असतील तर नऊपर्यंतचा वेळ भरला. एकतिसाव्याला तोंडावर "उद्या सकाळी" सांगा. "होईल हो" म्हणून ठेवलेला डबाच भांडण आणतो. ठेवलेल्या पिठाचं झाकण ते निवल्याशिवाय लावू नका. आत वाफ धरते, गुठळ्या होतात.

दगडांना टाकी (छिन्नीने खाचा पुन्हा खरखरीत करणं) नवरात्रातच लावून घ्या, मोटारीचा पट्टा जादा आणून ठेवा आणि महावितरणच्या देखभालीच्या दिवशी टोकनं कमी फाडा. जादा माणूस भाऊबीजेपर्यंतच बोलून ठेवा, कारण पुढचा आठवडाभर निम्म्या घरांत फराळच संपत नसतो.