शिलाई मशीन शिकताय? आधी वहीच्या पानावर चालवा

नवीन शिकणाऱ्यांनी लगेच ब्लाऊज कापायला घेऊ नका हो, जळगावच्या फुले मार्केटमधून हौसेने आणलेलं कापड वाया जातं आणि मग कात्रीच धरवत नाही. आधी दोरा न ओवता वहीच्या रेघांवर शिवा, भोकं रेघेवरच पडतात का बघा, कोपरा आला की सुई आत रुतवून ठेवायची, फूट (सुईजवळचा कापड दाबून धरणारा भाग) उचलायचा आणि कागद वळवायचा. पायमशीन असेल तर चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवून मगच पाय मारा, उलटं फिरलं की दोरा गुंततोच. हात बसला की सुई बदला, कागदाने ती बोथट होते, साध्या सुतीला 14 नंबर चालते. मग आजीच्या जुन्या लुगड्याचा उशीचा अभ्रा शिवा. नवं सुती कापड मात्र भिजवून वाळवूनच कापा, नंतर आटतं.