डिझेल टेम्पोचा व्हॅक्यूम पंप: आधी तेलाची वाट साफ करा, मग पट्ट्या बदला

ब्रेक जड झाला की पहिला संशय व्हॅक्यूम पंपावर जातो. पुण्याच्या नाना पेठेतून रिपेअर किट येतं, पट्ट्या बदलल्या जातात, गाडी चार दिवस छान चालते आणि पेडल पुन्हा कडक होतं. अशा वेळी दोष बहुतेकदा नव्या पट्ट्यांचा नसतो. जुन्या पट्ट्या ज्या कारणाने झिजल्या ते कारण तसंच राहिलेलं असतं, आणि दहापैकी बऱ्याच वेळा ते कारण म्हणजे तेल: एक तर पंपाला ते पुरेसं मिळत नाही, नाहीतर आलेलं तेल परत जात नाही. पट्ट्या बदलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे.

खालची कृती अल्टरनेटरच्या पाठीवर बसणाऱ्या पंपासाठी आहे. लहान ट्रक, टेम्पो आणि पिकअपवर हीच रचना सर्रास दिसते. पंप कॅमशाफ्टवरून फिरत असेल तर तत्त्व तेच, पण तो घरी उघडू नका. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात. तिथे कॉम्प्रेसर असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

पंप लागतोच का? पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी (व्हॅक्यूम) आपोआप तयार होते. डिझेल इंजिन हवा मोकळेपणी ओढतं, म्हणून पायाच्या जोराला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी ती वेगळी तयार करावी लागते. पंपाच्या घरात (बाहेरच्या कवचात) रोटर एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्याच्या खाचांतल्या पट्ट्या फिरताना बाहेर फेकल्या जाऊन घराच्या भिंतीला टेकतात आणि बूस्टरकडून आलेली हवा ढकलत नेतात. भिंत आणि पट्टी यांच्यामधली फट बुजवतं ते इंजिन ऑइल. बारीक पाइपातून तेल आत येतं, आणि हवा व तेल मिळून जाड रिटर्न पाइपातून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतात. तेल नसेल तर पट्टी कोरडी घासते आणि पोकळीही टिकत नाही.

पंप खोलण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेली पोकळी संपेल. आता पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. न गेल्यास मदत मिळत नाही हे नक्की, पण दोष पंपाचा, होजचा, एनआरव्हीचा (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) की बूस्टरचा हे अजून कळलेलं नाही.

ते कळायला व्हॅक्यूम गेज लागतो. पंपाच्या नळीवरून बूस्टरकडे जाणारा होज काढा, गेज थेट पंपाला लावा आणि इंजिन आयडलवर चालू द्या. आकडा वाचताना पुण्याची उंची लक्षात घ्या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब ७६० नव्हे, तर ७१० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. म्हणजे पंप कितीही चांगला असला तरी इथे २८ इंचांच्या, म्हणजे त्याच ७१० मिलिमीटरच्या, वर काटा जाणार नाही. मुंबईच्या गेजवरचा आकडा इथे मागू नका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर काटा काही सेकंदांत ६०० मिलिमीटरच्या पुढे जाऊन तिथे स्थिर राहिला, तर पंपाला हात लावायचं कारण नाही. ५०० च्या खाली अडकला किंवा थरथरत राहिला, तर पंप उतरवा.

पंपाजवळ आकडा चांगला आणि बूस्टरजवळ कमी असेल तर होज चिरलेला किंवा आतून चिकटलेला आहे, किंवा एनआरव्ही गेला आहे. एनआरव्ही काढून तोंडाने फुंकून बघा: बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा गेली पाहिजे, पंपाच्या बाजूने अजिबात नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळे कितीतरी चांगले पंप भंगारात जातात.

आणखी एक खूण: कमजोर पंप हायवेवर लपतो, ट्रॅफिकमध्ये उघडा पडतो. चाकणच्या चौकात गाडी रांगत असते तेव्हा इंजिन आयडलवर, म्हणजे पंप सगळ्यात हळू फिरत असतो, आणि पाय मात्र सतत ब्रेकवर. पेडल फक्त अशा वेळीच जड होत असेल तर पट्ट्या झिजल्या आहेत किंवा बेल्ट घसरतो आहे. बेल्ट आधी बघा.

सामान

रिपेअर किटमध्ये पट्ट्यांचा सेट, ओ-रिंग, ऑइल सील आणि तांब्याचे वॉशर येतात. गाडीचं नाव सांगून किट आणू नका. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या कंपन्यांचे अल्टरनेटर लागलेले असतात. अल्टरनेटरच्या पाटीवरचा नंबर लिहून घ्या, आणि जमलं तर जुनी पट्टी व ओ-रिंग सोबत न्या. याशिवाय ८ ते १९ नंबरचे पाने, रबरी हातोडी, व्हर्नियर, फिलर गेज, स्टीलची सरळ पट्टी, धुवायला दोन लिटर डिझेल, मऊ ब्रश, धागे न सुटणारं फडकं आणि थोडं स्वच्छ इंजिन ऑइल. पेट्रोलने धुऊ नका. आगीचा धोका आहे आणि रबरही फुगतं.

उतरवताना

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे, इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह केबल सगळ्यात आधी सोडा. अल्टरनेटरच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

तेलाचा बारीक पाइप सोडताना मागचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर पाइप पिळला जाऊन आतून चिरतो. होज ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. जागा अडचणीची असेल तर अख्खा अल्टरनेटर उतरवून ओट्यावर काम करणं बरं. पंपाचं घर आणि अल्टरनेटर या दोन्हींवर मिळून एक रेघ मारून ठेवा, खाली ट्रे धरा आणि घर सरळ मागे ओढा. अडलं तर रबरी हातोडीने हलकं ठोका. जोडात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तिथून पुढे कायम तेल झिरपतं. पट्ट्या खाली पडण्याआधी त्यांची गोल कड कोणत्या बाजूला आहे ते बघून फोटो काढा.

तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

घराच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवा. फिरण्याच्या दिशेने पुसट रेघा असतील तर चालेल. नख आडव्या लाटांवर अडखळत असेल तर ते घर संपलं. नवी पट्टीही तिथे उड्या मारत जाईल आणि तुटेल. पॉलिश पेपरने त्या लाटा घालवता येत नाहीत, फक्त फट वाढते. अशा वेळी पूर्ण पंप बदला. पट्ट्यांपैकी एकीची जरी कड तुटली असली तरी सगळ्या बदलायच्या. नवी पट्टी तेल लावून खाचेत सोडली की स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडकली तर खाचेतला काळा थर ब्रशने काढा, कानस लावू नका.

मग पुली हातात धरून शाफ्ट वर-खाली हलवा. मागच्या बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर रोटर घराला घासणारच. आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बेअरिंग बदलून घ्या. आत कार्बन ब्रशपर्यंत तेल पोचलं असेल तर चार्जिंगचा दिवा लागू लागतो, आणि त्याचं मूळ शाफ्टवरच्या ऑइल सीलमध्ये असतं.

आता तेलाची वाट. बारीक पाइपाचं मोकळं टोक बाटलीत घाला, अल्टरनेटरची जाड वायर टेपने गुंडाळून बाजूला ठेवा, बॅटरी जोडा आणि स्टॉप केबल ओढून धरून काही सेकंद सेल्फ मारा. तेल आलंच पाहिजे. आलं नाही तर पाइप काढून डिझेलने धुवा आणि हवा मारा. पंपाच्या तोंडाशी तेलाचं छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. ते वायरच्या एका तांब्याच्या तारेने साफ करा, पण ड्रिल घालून मोठं करू नका. जास्त तेल आलं तर पंप तेलाने भरतो, सुरू होताना पट्ट्या मोडतात आणि तेल होजमधून बूस्टरकडे जाऊ शकतं. बूस्टरचा रबरी पडदा त्या तेलाने खराब होतो. रिटर्न पाइपही तितकाच महत्त्वाचा: आतून गाळ नको, कुठे दुमडलेला नको, पूर्ण लांबी उताराने खाली गेलेली हवी. त्या जागी पाण्याचा साधा रबरी पाइप लावलेला दिसला तर तो काढून टाका. गरम तेलात तो मऊ होऊन मिटतो. बॅटरीची निगेटिव्ह पुन्हा सोडून मगच पुढे जा.

बसवताना

ऑइल सीलची स्प्रिंग असलेली ओठाची बाजू तेलाकडे, म्हणजे पंपाकडे. शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर ओठ तिथेच कापला जाईल. सील ठोकताना त्याच व्यासाचा सॉकेट वापरा, म्हणजे ते तिरकं बसणार नाही.

रोटर, पट्ट्या आणि घर यांना स्वच्छ तेल लावा. पट्टीची गोल कड बाहेर. ओ-रिंग खाचेत नीट बसवा आणि तिच्यावर सिलिकॉन लावू नका; बाहेर आलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून तेच बारीक छिद्र बंद करतो. हाताने कापलेलं जाड पॅकिंगही नको. रोटरच्या तोंडाशी फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, आणि पॅकिंगच्या जाडीने ती वाढली की नवा सेट टाकूनही काटा वर चढत नाही.

बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एम६ बोल्टला ८ न्यूटन-मीटर पुरे. पुली हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवा, कुठेही अडता कामा नये. तेलाच्या तोंडातून ५ ते १० मिलिलिटर तेल सोडा, जास्त नको. तांब्याचे वॉशर नवे घाला. नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, ते पुन्हा मऊ होतात. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. फार ताणला तर तेच मागचं बेअरिंग पुन्हा जातं. एनआरव्हीवरचा बाण पंपाकडे.

चाचणी

गेज लावून आकडा पुन्हा घ्या आणि लिहून ठेवा. मग होज जोडा, इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पेडल दाबा: पहिले एक-दोन दाब हलके गेले पाहिजेत. सगळ्या जोडांवर कोरडं फडकं फिरवून तेल दिसतं का बघा, इंजिन ऑइलची पातळी तपासा. होजमध्ये आधी तेल सापडलं असेल तर होज आतून पुसून घ्या. बूस्टरच्या तोंडातही तेल साचलेलं असेल तर तो जाणकाराकडे द्या. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर घरी उघडू नका.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. माल भरून दिवे घाट किंवा खंबाटकी उतरायचं ते नंतर. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची सवय असेल तर ती सोडा: इंजिन थांबलं की पंप थांबतो, साठलेली पोकळी दोन-चार दाबांत संपते आणि भरलेली गाडी फक्त पायाच्या जोरावर थांबवावी लागते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर तेलाच्या दोन्ही पाइपांचे जोड आणि बेल्टचा ताण पुन्हा तपासा. धुतलेलं काळं डिझेल गटारात न ओतता डब्यात भरून, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.