स्पार्सला गप्प करू नका: कर्नल कोडमधल्या या चुका टाळा

लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच पाठवायचा म्हणून बरेच जण स्पार्सच्या, म्हणजे कोड न चालवता चुका शोधणाऱ्या टूलच्या, वॉर्निंग्ज शोधतात. काम सोपं वाटतं. वॉर्निंग दिसली, एक कास्ट (सक्तीने टाइप बदलणं) टाकला, वॉर्निंग गेली. पण मेंटेनर, म्हणजे त्या कोडची जबाबदारी असलेला माणूस, विचारतो, 'मुळात चुकलं काय होतं?' आणि तिथे गाडी अडते.

स्पार्स लिहायला सुरुवात केली लिनस टोरवाल्ड्स यांनी, २००३ मध्ये. सी भाषेला जो फरक दिसत नाही तो स्पार्स पकडतं. युजरस्पेसकडून (म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमकडून) आलेला पॉइंटर, डिव्हाइसच्या मेमरीचा पॉइंटर आणि कर्नलचा स्वतःचा पॉइंटर, सीच्या लेखी तिन्ही सारखेच. म्हणून '__युजर', '__आयओमेम' अशा खुणा लावलेल्या असतात. तयार होणाऱ्या मशीन कोडमध्ये त्यांनी काहीच बदलत नाही. म्हणजे वॉर्निंग हा प्रश्न असतो: हे मूल्य नेमकं कुठलं?

वॉर्निंग गेली की तपासलीच गेली नाही?

कर्नल बिल्ड करताना 'मेक सी=१' दिलं की स्पार्स चालतं, पण नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइल्सच तपासल्या जातात. मी सुरुवातीला बदल करून आधी साधं 'मेक' चालवायचो, मग 'सी=१'. आउटपुट कोरं करकरीत! फाइल आधीच कंपाइल झालेली, त्यामुळे स्पार्सने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसायचं. 'सी=२' वापरा आणि सोबत फक्त आपल्या ड्रायव्हरच्या डिरेक्टरीचा पाथ द्या, नाहीतर चहा दोनदा होईल. बदल करण्याआधीचं आउटपुटही एका फाइलमध्ये ठेवा; हेडर्समधून येणाऱ्या जुन्या वॉर्निंग्ज आपल्या नाहीत हे त्यावरून कळतं. हेडर्समध्येच भलत्या एरर दिसू लागल्या, तर कर्नलला हात लावण्याआधी स्पार्स गिटमधून ताजं बिल्ड करून पाहा.

'__फोर्स' लावून मोकळं होणं

समजा, आयऑक्टलमधून (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला केलेल्या कॉलमधून) एक स्ट्रक्चर आलं. त्यात युजरच्या बफरचा पॉइंटर आहे आणि ड्रायव्हर त्यावरून सरळ 'मेमकॉपी' करतोय. स्पार्स म्हणतं, 'डिफरंट ॲड्रेस स्पेसेस'. नवखा माणूस '__फोर्स', म्हणजे 'हा कास्ट मुद्दाम केलाय' असं स्पार्सला सांगणारी खूण, लावून कास्ट करतो. वॉर्निंग गेली, भगदाड तसंच राहिलं: युजरने तिथे कर्नलमधला पत्ता दिला, तर ड्रायव्हर मुकाट्याने तिथला डेटा उचलेल. खरी दुरुस्ती म्हणजे 'कॉपी_फ्रॉम_युजर', आणि त्याने शून्य सोडून काहीही परत दिलं तर 'ईफॉल्ट' ही एरर परत करणं. पत्ता ६४ बिटांच्या फील्डमधून येत असेल, तर त्यासाठी 'यू६४_टू_युजर_पीटीआर' आहे.

याहून वाईट पळवाट म्हणजे पॉइंटर 'अनसाइन्ड लाँग'मध्ये टाकून परत बाहेर काढणं. '__फोर्स' निदान ग्रेपने (कोडमध्ये शब्द शोधून) सापडतो. हा प्रकार सापडतही नाही. आर्किटेक्चरच्या हेडर्समध्ये, मदतनीस फंक्शनच्या आत '__फोर्स' रास्त असू शकतो. ड्रायव्हरमध्ये दिसला की मी तरी आधी संशयच घेतो.

एंडियनच्या वॉर्निंग्ज

संख्येचे बाइट्स मेमरीत कुठल्या क्रमाने ठेवायचे, ते म्हणजे एंडियन: लिटल-एंडियनमध्ये सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी, बिग-एंडियनमध्ये सगळ्यात जास्त किमतीचा. सगळ्यात जास्त खरे बग इथे सापडतात. 'कास्ट टू रिस्ट्रिक्टेड __एलई३२' आली की दोन शक्यता असतात. एक, फील्डमध्ये खरंच लिटल-एंडियन मूल्य आहे, पण घोषणा 'यू३२' अशी झाली आहे. मग टाइप बदला. दुसरी, मूल्य आधीच सीपीयूच्या क्रमात आहे आणि 'एलई३२_टू_सीपीयू' फुकटचं लावलंय. मग ते काढा. एक्स८६ वर हे फंक्शन काहीच करत नाही, त्यामुळे चुकीची दुरुस्तीही टेस्टमध्ये पास होते. एस३९० सारख्या बिग-एंडियन मशीनवर बाइट्स उलटे होतात तेव्हा कळतं. निर्णय डेटाशीट पाहून किंवा ते मूल्य कुठे लिहिलं जातं ते शोधून घ्यायचा. टाइप पाहून अंदाज बांधू नका, कारण तो टाइपच तर संशयित आहे.

नेहमीचं उदाहरण डिव्हाइसचं रजिस्टर वाचणाऱ्या 'रीडएल'चं. ते लिटल-एंडियन रजिस्टर वाचून मूल्य सीपीयूच्या क्रमातच देतं. त्यावर पुन्हा 'एलई३२_टू_सीपीयू' म्हणजे बिग-एंडियनवर दोनदा उलटापालट.

एकच व्हेरिएबल रूपांतराआधी आणि नंतरही वापरलं असेल, तर दोन करा. स्पार्ससाठीच नाही, सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्यासाठीही. फ्लॅग तपासताना मास्कचं रूपांतर केलं तर ते कंपाइल करतानाच उरकतं. पण लहान-मोठं ठरवायचं असेल तर मूल्यच सीपीयूच्या क्रमात आणावं लागतं.

'शुड इट बी स्टॅटिक?'

फंक्शनची घोषणा कुठल्याच हेडरमध्ये दिसली नाही, की स्पार्स विचारतं: ते 'स्टॅटिक', म्हणजे याच फाइलपुरतं, हवं का? हा प्रश्न आहे, हुकूम नाही. आधी 'गिट ग्रेप' करा. दुसरी फाइल ते फंक्शन वापरत असेल, तर बहुधा आपल्या सी फाइलमध्ये त्याचं हेडर घ्यायचं राहिलंय. 'स्टॅटिक' लावलं की लिंकिंग फुटेल. आणि सी फाइलमध्येच 'एक्सटर्न' लिहून वेळ मारून नेली, तर पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट ओरडेल.

आरसीयू

आरसीयू म्हणजे लॉक न घेता डेटा वाचू देणारी कर्नलची पद्धत; तिच्या पॉइंटरवरही स्पार्सची खूण असते. पण म्हणून 'आरसीयू_डीरेफरन्स' सगळीकडे चिकटवू नका. फक्त पॉइंटर नल आहे का एवढंच पाहायचं असेल, तर 'आरसीयू_ॲक्सेस_पॉइंटर'. डेटा बदलताना घ्यायचं लॉक हातात असेल, तर 'आरसीयू_डीरेफरन्स_प्रोटेक्टेड', आणि त्यात त्या लॉकची खरी अट लिहा. तिथे नुसता '१' लिहिला, तर लॉकडेपला, म्हणजे लॉक्सची शिस्त तपासणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेला, तपासायला काही उरतच नाही.

पाठवण्याआधी

पॅचच्या विषयात 'स्पार्स वॉर्निंग दुरुस्त' एवढंच लिहू नका. टाइप चुकला होता की वागणूक, ते लिहा. तुमचाच गोंधळ असेल तर बदलाआधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करून ताडून पाहा. फक्त खुणा किंवा टाइप दुरुस्त केले असतील, तर सूचना जशाच्या तशा दिसायला हव्यात. ओळ क्रमांक सरकल्याने 'वॉर्न_ऑन'जवळ (हा मॅक्रो ओळ क्रमांक नोंदवतो) झालेला फरक तेवढा सोडून द्या. एंडियनचा पॅच असेल, तर ही तुलना बिग-एंडियन बिल्डवरही करा. फरक दिसला, तर तुम्ही बग दुरुस्त केलाय किंवा नवा घातलाय.