पीपीओमधलं (पेन्शन देण्याच्या आदेशातलं) पत्नीचं नाव तपासा, सैनिक हयात असतानाच

माजी सैनिकाच्या निधनानंतर कौटुंबिक निवृत्तिवेतन अनेकदा नावावरून अडतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. युनिटने पार्ट टू ऑर्डर (लग्न, अपत्य अशा बाबींची अधिकृत नोंद) एका नावाने काढलेली, आधार कार्ड दुसऱ्या नावाचं. सैनिक हयात असताना त्याच्या सहीच्या अर्जावर हे सुटतं. नंतर मात्र ‘ती मीच’ हे सिद्ध करत त्या बाईला एकटीला फिरावं लागतं.

डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरचा पीपीओ आणि पत्नीचं आधार शेजारी ठेवा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, मग जन्मतारीख. जुन्या आधारवर नुसतं जन्मसाल किंवा १ जानेवारी असते, तिथे हमखास फरक निघतो.

चूक नेमकी कुठे आहे ते आधी ठरवा. आधार चुकलं असेल तर आधारच दुरुस्त करा. डिस्चार्ज बुक बरोबर आणि स्पर्शवर चूक असेल, तर पोर्टलवर तक्रार नोंदवून त्या पानाची प्रत जोडा. मूळ नोंदच चुकलेली असेल तर अर्ज सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंत्यांचं दल) खडकीला.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना आधी रेकॉर्ड ऑफिसकडून मागवून घ्या. मनाने केलेला मजकूर परत येऊ शकतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे त्यात स्पष्ट हवं. सोबत सर्व्हिस नंबर, पीपीओ क्रमांक, लग्नाचा पुरावा आणि दोघांचा एकत्र फोटो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवलात तर कागद तिथेच तपासून मिळतात. पोचपावती जपा, पण करिजेंडम (दुरुस्त केलेला) पीपीओ हाती येईपर्यंत काम झालं असं धरू नका.

पेन्शनचं खाते पत्नीसोबत संयुक्त करून ठेवा, कौटुंबिक निवृत्तिवेतन त्याच खात्यात घेता येतं. निधनानंतर मृत्यूचा दाखला जोडून स्पर्शवर लगेच कळवा. त्यानंतर जमा झालेली सैनिकाची पेन्शन एटीएमने काढू नका, ती वसूल होते. कौटुंबिक निवृत्तिवेतनाचा साधा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आहे. निवृत्तीनंतर निधन झालं असेल तर ७ वर्षं, किंवा सैनिकाला ६७ वर्षं पूर्ण झाली असती त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो.

घरात कायमचं दिव्यांग अपत्य असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून त्याचंही नाव आत्ताच पीपीओत चढवून घ्या.